पेपरातून मोकळी झालेली मुलगी

निवृत्त झाले तरी लोक मला गाठतातच. कुणाच्या साक्षगंधात ताट हातात घेऊन उभी असते, नाहीतर विहारात वर्षावासाचं प्रवचन संपवून चपला शोधत असते, तेवढ्यात कुणीतरी कोपराला धरून हळूच बाजूला घेतं. "मॅडम, जरा कायद्याचं विचाराचं होतं." आवाज एवढा खाली गेला की मी ओळखते, हे घरातल्याच कुणाचं तरी आहे. शेजाऱ्याचं असतं तर आजूबाजूच्या चार जणांनाही ऐकू गेलं असतं. "पोरगं सतराचं झालं. म्हनते, मले नाही राह्यचं या घरात, मी वेगळा राह्यतो. चालते का हो असं?"

चालत नाही, असं सांगितलं की आईबाप खूश होतात. मग मी पुढचं वाक्य सांगते: पण तो निघून गेला तर तो त्याचा गुन्हाही होत नाही. ते ऐकून त्यांचा चेहरा पडतो. गुन्हाही नाही आणि हक्कही नाही, म्हणजे नेमकं आहे तरी काय, असं ते विचारतात. त्या मधल्या जागेतच माझी सगळी नोकरी गेली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

मी बुलढाणा जिल्ह्यात परिवीक्षा अधिकारी होते. नाव भारदस्त आहे, काम साधं आहे. अठराच्या आतलं मूल घर सोडून आलं, हरवलं, टाकलं गेलं, की त्याला बालकल्याण समितीसमोर हजर करतात. समितीत पाच माणसं बसतात आणि या मुलानं कुठं राहायचं ते ठरवतात. पण ठरवायचं कशावरून? म्हणून कुणीतरी त्याच्या घरी जायचं, आईबापांशी, शेजाऱ्यांशी, शाळेतल्या बाईंशी बोलायचं, चूल पाहायची, मूल झोपतं ती जागा पाहायची आणि जे दिसलं ते लिहून समितीला द्यायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. लोकांच्या घरात शिरायचा मला सरकारनं पगार दिला, असं आमचे हे म्हणायचे. ते शाळेत मास्तर होते, त्यांना फक्त वर्गात शिरता यायचं.

आपल्याकडे अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मूल पालकांच्या ताब्यात असतं. मध्येच अर्ज करून स्वतःला मोठं जाहीर करून घ्यायची सोय नाही. एकदा बुलढाण्यातल्याच एका प्राध्यापकांचा मुलगा मोबाइल घेऊन ऑफिसात आला होता. कुठल्याशा देशात म्हणे सोळाव्या वर्षी कोर्टात जाऊन आईबापांपासून मोकळं होता येतं, आणि तो अर्ज त्याला मराठीतून हवा होता. मी म्हटलं, बाळा, तो देश इथून लांब आहे, चहा घेतोस का? चहा पिता पिता खरं कारण निघालं. वडील त्याला हॉटेलातसुद्धा आवडीचा पदार्थ मागू देत नव्हते.

उलटंही व्हायचं. संग्रामपूरकडची एक बाई मुलाला आणि त्याच्या वळकटीला घेऊन थेट माझ्या टेबलासमोर उभी राहिली. "घ्या याले ठेवून. अठराचा झाला का वापस द्या." सरकारी गोदामात पोतं जमा करावं तशा थाटात. ठेवून घेता येत नाही असं मी समजावत होते, तर ती पदरानं घाम पुसत म्हणाली, "काऊन? तुमच्याकडं जागा नाही काय?" दुपारी तिनं डबा उघडला, आधी पोराला वाढलं, मग माझ्या ताटलीत ठेचा घातला आणि चारच्या गाडीनं पोराला घेऊन परत गेली. वळकटी तेवढी माझ्याकडे विसरली. ती आठवडाभर कपाटावर पडून होती.

अशी हसण्यासारखी बरीच आहेत. पण दिवाळी अंकाच्या संपादकांनी लिहा म्हटलं तेव्हा मला आठवली ती अश्विनी. नाव अर्थातच खरं नाही. आमच्याकडच्या मुलांची नावं छापायला कायद्यानंच मनाई आहे, आणि तो नियम मला नेहमीच शहाणपणाचा वाटत आला.

अश्विनी डोणगावची. वडील सरकारी कचेरीत लिपिक, रोज मेहकरला जाऊन-येऊन करायचे. सगळे त्यांना बाबूजी म्हणत. मीही तेच म्हणेन. घर नीटनेटकं, कर्ज नाही, व्यसन नाही, हात उगारणं नाही. दोन मुली. थोरली वर्षा हिनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं आणि ती शेगावला राहायला गेली. तिच्या नवऱ्याचं तिथं तसबिरी आणि माळांचं दुकान आहे. बाबूजींनी तेव्हा स्थानिक पेपरात जाहीर नोटीस दिली, की ही मुलगी माझ्या सांगण्यात नसून तिच्याशी माझा काहीही संबंध उरलेला नाही. आपल्याकडच्या पेपरांत मागच्या पानावर अशा नोटिसा असतातच. वर जमीन खरेदीची नोटीस, खाली हरवलेल्या सातबाऱ्याची, मध्ये कुणाची तरी मुलगी.

संबंध असा छापून तोडला तरी धाकटी थोरलीशी बोलायचीच. बाबूजींनी एकदा स्पष्ट विचारलं, "पुन्हा तिच्याशी बोलशील?" अश्विनीला खोटं बोलून सुटका करून घेता आली असती. ती म्हणाली, "हाव, बोलीन." त्या दिवसापासून बाबूजी अश्विनीशी बोलायचे थांबले. वर्ष उलटून गेलं तरी बोलले नाहीत. आणि मग, मुलगी काही वाकत नाही असं पाहून, त्यांनी धाकटीच्याही नावानं तशीच नोटीस दिली. मुलगी अल्पवयीन आहे, म्हणून वकील सही करेना. तेव्हा त्यांनी कचेरीच्या भाषेत मजकूर स्वतःच लिहिला आणि पेपरवाल्यानं छापला.

पुढं जे झालं ते आमच्याच भागात होऊ शकतं. अश्विनीनं तो पेपर वाचला आणि तिची खात्री झाली की आपण कायद्यानं मोकळ्या झालो. बापानं लिहून दिलंय, छापून आलंय, गावानं वाचलंय. आणखी काय पाहिजे? तिनं कात्री घेऊन ती नोटीस कापली, आधार कार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली, अकरावीची पुस्तकं घेतली आणि दिवसाउजेडी, आईच्या देखत, घरातून निघाली. आईला वाटलं कॉलेजला चालली. मेहकरला गाडी बदलून, खामगावला पुन्हा बदलून ती शेगावला पोहोचली आणि स्टेशनजवळच्या एका लॉजवर जाऊन तिनं महिन्याच्या भाड्यानं खोली मागितली.

लॉजच्या मॅनेजरनं मला हे नंतर हात जोडून सांगितलं. "मॅडम, मी म्हटलं, संगं कोन हाय? तं म्हने कोनी नाही. आधार पाह्यलं तं सतरा वर्षं. मी म्हटलं, पोरी, आईबापाशिवाय रूम नाही भेटत. तं तिनं मले पेपराचं कात्रन दाखवलं! म्हने, हे पाहा, माहा बाप माहा बाप नाही राह्यला." त्यानं तिला बायकोजवळ बसवलं, पोहे खाऊ घातले आणि मुलांच्या मदतवाहिनीला फोन लावला. भल्या माणसांचा जिल्हा आहे हो आमचा, उगीच नाही म्हणत मी.

तिकडे बाबूजी संध्याकाळी घरी आले, मुलगी नाही म्हटल्यावर तडक ठाण्यात गेले. अल्पवयीन मूल हरवलं की पोलिसांना अपहरणाचाच गुन्हा नोंदवावा लागतो. त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे: अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले. संशय कुणावर, या प्रश्नाला बाबूजींनी थोरलीच्या नवऱ्याचं नाव सांगितलं. त्या बिचाऱ्याला दुकानातून उठवून ठाण्यात बसवलं. मुलगी सापडल्याचं कळेपर्यंत तो तिथंच होता.

अश्विनीला समितीसमोर आणलं तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं. किडकिडीत, केस घट्ट बांधलेले, रडून झालेली पण रडण्याची लाज न वाटणारी. जबाब घेणाऱ्या महिला पोलिसानं विचारलं, "कोनं नेलं तुले?"

"कोनीच नाही."

"मुलगा कोन हाय? सांग, घाबरू नको."

"मॅडम, मुलगा असता तं मी लॉजवर एकटी कायले गेली असती? मले कोनी पळवून नाही नेलं. मी सोता आली. तिकीट काढून आली."

मी तिला विचारलं, बहीण त्याच गावात असताना लॉजवर का गेलीस? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच लहान आहे. "तिच्याकडं गेली असती तं भाऊजीवर केस पडली असती ना." मी म्हटलं, नाही गेलीस तरी पडली. तेव्हा मात्र ती ओठ दाबून रडली.

मग मी तिला कायदा समजावला. ती नोटीस म्हणजे रद्दी आहे. सज्ञान मुलीच्या बाबतीत तिला फारसा अर्थ नसतो, अल्पवयीन मुलीच्या बाबतीत तर शून्य. बापाला बापपणाचा राजीनामा देता येत नाही, तू अठराची होईपर्यंत तुझी जबाबदारी त्यांच्यावरच आहे. हे मी तिला धीर द्यायला सांगत होते. पण तिचा चेहरा उतरत गेला. तिच्या दृष्टीनं मी तिचं सुटकेचं पत्र फाडत होते. ती म्हणाली, "म्हनजे मले वापस जा लागीन?"

तिच्यासाठी सगळं या एका प्रश्नात होतं. समितीसमोर तीन वाटा होत्या. घरी परत पाठवणं, बालगृहात ठेवणं, किंवा जवळच्या एखाद्या लायक नातेवाइकाकडे, म्हणजे वर्षाकडे, अठरा पूर्ण होईपर्यंत सोपवणं. तिला तिसरी हवी होती. पण चांगल्या चालणाऱ्या घरातून मूल काढून घ्यायचं तर कारण लागतं. मारहाण लागते, उपासमार लागते, जबरीचं लग्न लागतं. त्रास काय, असं अध्यक्षांनी तिला विचारलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, शांत माणूस. ती बराच वेळ शब्द शोधत होती. शेवटी म्हणाली, "सर, बाबा बोलत नाहीत."

दुसऱ्या एका सदस्यांना हसू आलं. माझे वडील तर आयुष्यभर बोलले नाहीत, असं ते म्हणाले. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला डोणगावला जायला सांगितलं. तोवर मुलगी मुलींच्या बालगृहात राहणार होती.

मी गेले तेव्हा रविवार होता. बाबूजींनी स्वतः खुर्ची पुसून दिली. "मॅडमले चहा ठेव," ते बायकोला म्हणाले. मी त्यांच्याशी बोलत होते आणि ते व्यवस्थित उत्तरं देत होते. मुलीचा विषय निघाला की मात्र मान बायकोकडे वळायची. "सांग ना मॅडमले, तिची फी कवा भरली." "दाखव ना, तिचं टेबल." मला आधी वाटलं, माणूस लाजतोय. मग लक्षात आलं की या घराला ती सवयच लागली आहे. अश्विनीबद्दल जे काही बोलायचं ते आईच्या तोंडून जायचं. अबोला आपल्याकडे घरोघरी असतो. नवराबायकोत असतो, भावाभावांत असतो, मधला एक माणूस निरोप नेतो आणि दिवाळीपर्यंत तो विरतो. इथं तो विरला नव्हता.

बाबूजी फाटकाकडे कुणाशी बोलायला गेले तेव्हा ती माउली माझ्याजवळ सरकली. "तिघं एका खोलीत बसलो तरी ते म्हनतीन, तिले सांग जेवून घे. ती म्हनीन, त्यायले सांग भूक नाही. मॅडम, मी दिवसभर याचं तिले अन् तिचं याले. माहं सोताचं बोलनंच राह्यलं नाही." हे सांगतानाही ती दबक्या आवाजात सांगत होती, जणू हाही निरोप फाटकापर्यंत पोहोचेल.

तिनंच सांगितलेली दुसरी गोष्ट मी अहवालात शब्दशः लिहिली. परीक्षेच्या दिवसांत बाबूजी सकाळी उठून मोटारसायकल पुसून ठेवायचे. अश्विनी मुकाट्यानं मागे बसायची. केंद्रावर सोडायचे, रजा टाकून पेपर सुटेपर्यंत बाहेर झाडाखाली उभे राहायचे आणि घेऊन यायचे. जाताना-येताना शब्द नाही. पेपर कसा गेला हेसुद्धा घरी आल्यावर बायकोला विचारायला लावायचे. मला ते ऐकून त्या माणसाचा राग आला आणि त्याच क्षणी त्याची दयाही आली. नोकरीत असं फार वेळा होतं. राग आणि दया एकदम आली की अहवाल लिहिणं कठीण जातं.

निघताना फाटकापाशी मी त्यांना विचारलंच. "बाबूजी, पेपरात तुम्ही संबंध नाही म्हणता आणि ठाण्यात माझी मुलगी शोधून द्या म्हणता. यातलं खरं कोणतं धरू?"

"पेपरातलं लोकायसाठी होतं, मॅडम."

"तिनं ते स्वतःसाठी धरलं."

ते फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिले. "तिनं घाबरावं म्हनून दिलं होतं. ती तं निंघूनच गेली." मग म्हणाले, "मोठीशी मी लय बोलायचो. बोलण्याबोलण्यात तिनं मले गुंडाळलं अन् निघून गेली. हिच्याशी बोललो तं मी पघळीन. मले माहीत हाय."

अहवालात मी मारहाण नाही, उपासमार नाही, असं लिहिलं, कारण ते खरं होतं. खाली लिहिलं की या घरात मुलीला वर्षाहून अधिक काळ तिच्या वडिलांनी एकदाही हाक मारलेली नाही आणि तिला परत पाठवल्यास ती पुन्हा निघेल. पुढच्या वेळी तो लॉजवाला भला असेलच असं नाही. थोरलीच्या घरीही जाऊन आले. दोन खोल्या, स्वच्छ, नवरा कष्टाळू. ठाण्यात बसवलं गेल्याचा राग त्याच्या बोलण्यात होता, पण मेहुणीवर नव्हता. "राहू द्या तिले आमच्याकडं," एवढंच म्हणाला.

सुनावणीच्या दिवशी बाबूजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. अश्विनी समोरच्या खुर्चीवर. दोघांच्या मध्ये एक टेबल. अध्यक्षांनी विचारलं, "बाबूजी, मुलगी घरी यावी असं तुम्हाला वाटतं का?"

"वाटतं ना, सर."

"मग तिला सांगा तसं."

बाबूजी माझ्याकडे वळले. "मॅडम, तिले सांगा, घर तिचंच हाय."

अश्विनी अध्यक्षांकडे पाहून म्हणाली, "सर, मी इथंच बसली हाय."

अध्यक्ष समंजस माणूस. त्यांनी सगळ्यांचा चहा मागवला, चहा प्यायला वेळ घेतला, इकडचं तिकडचं बोलले. पुन्हा म्हणाले, "बाबूजी, ती ऐकतेय. एकदा तिच्या नावानं हाक मारा. मग पुढचं आपण सगळे मिळून पाहू." मला मनापासून वाटत होतं की मारावी. एका हाकेत ती मुलगी उठली असती, हे त्या खोलीत सगळ्यांना दिसत होतं. ती खुर्चीच्या पुढच्या कडेवर येऊन बसली होती. बाबूजींनी रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला. आणि मग अध्यक्षांना म्हणाले, "तुम्ही द्याल तो आदेश मले मान्य हाय."

अश्विनी हळूहळू मागे सरकून खुर्चीला टेकली.

आदेश झाला. अठरा पूर्ण होईपर्यंत तिनं बहिणीकडे राहायचं, शिक्षण चालू ठेवायचं, आईवडिलांना केव्हाही भेटायला मुभा, आणि मी अधूनमधून जाऊन पाहायचं. हरकत नाही, असं बाबूजींनी आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिलं. अपहरणाचं प्रकरण मुलीच्या जबाबावरून पोलिसांनी पुढं मिटवलं. म्हणजे, सतरा वर्षांच्या मुलीला घर सोडता येतं का? तिच्या मर्जीनं येत नाही. पण तिचं म्हणणं ऐकून घेऊन, पाच माणसांनी विचार करून, दुसऱ्या छताखाली ठेवता येतं. ज्यांना बहीण नव्हती, मावशी नव्हती, अशांची म्हणणीही आम्ही ऐकून घेतली. त्यांच्यासाठी मात्र घर किंवा बालगृह एवढंच होतं, आणि मोठी बॅग घेऊन बालगृहाच्या पायऱ्या चढणारी ती पोरं मला अजून आठवतात.

त्यानंतर एक गंमत सुरू झाली. दर महिन्याला बाबूजींचा मला फोन यायचा. सुरुवातीला कचेरीतल्यासारखा, "सदर प्रकरणी काही प्रगती?" मग हळूहळू, "मॅडम, तिले सांगा, बारावीचा फॉर्म वेळेत भर." मी शेगावला गेले की सांगायचे. ती म्हणायची, "त्यायले सांगा, भरला." मी परत येऊन सांगायचे. "तिले सांगा, गणिताची शिकवनी लाव." "त्यायले सांगा, लावली." एकदा त्यांनी विचारलं, तिकडं पाणी रोज येते का? अश्विनीसाठी विचारलं असावं. पण मी वर्षाला सांगितलं, तर ती भांडी घासता घासता थांबली आणि म्हणाली, "सांगा, एक दिवसाआड येते, पन पुरते." थोरलीसाठी दोन-तीन वर्षांत आलेला तो पहिलाच निरोप होता.

तिच्या आईची जागा मी घेतली आहे, हे मला कळत होतं. आमचे हे म्हणायचे, तुझा पगार निरोप्याचा नाही. पण निरोप नेले नसते तर तेही थांबलं असतं. त्या माउलीचं मात्र बरं झालं. ती आता फोनवर धाकटीशी स्वतःचं काहीबाही बोलायची. वांग्याचं रोप कसं आलं, शेजारणीनं काय केलं, असलं. अश्विनी ते मला हसून सांगायची.

अश्विनी अठराची झाली त्याच सुमाराला माझी निवृत्ती जवळ आली होती. आदेशाची मुदत संपली, तिच्या नावाची फाइल बंद करायची एवढंच उरलं होतं. एके दिवशी ती एकटीच ऑफिसात आली. अंगानं थोडी भरली होती, खांद्याला पिशवी. बारावी चांगली झाली होती आणि पुण्याला नाहीतर अमरावतीला जायचं बोलत होती. मला वाटलं, कसला तरी दाखला हवा असेल.

तिनं बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, आता मी अठराची झाली. आता माह्या मर्जीनं कुठं पन जाऊ शकते ना? कोनी अडवू शकत नाही?"

"कुणीच नाही. समितीही नाही, पोलीसही नाही, बाबाही नाही. आता कुठं राहायचं ते तूच ठरवायचं."

"पक्कं?"

"पक्कं. कुठं जायचंय?"

"घरी," ती म्हणाली.

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिला खुर्चीवर बसवलं. मला आनंद झाला पाहिजे होता, पण आधी भीतीच वाटली. त्या घराचं ते दबकं बोलणं मी ऐकून आले होते. मी विचारलं, "बाबा बोलले का तुझ्याशी?"

"नाही."

"मग गेलीस आणि नाहीच बोलले तर?"

"नाही बोलले तं मी बोलीन. नाहीच जमलं तं निंघून येईन." तिनं ते अगदी सहज सांगितलं. "तवा तसं नव्हतं ना, मॅडम. तवा मी कुठं पन गेली असती तरी मले धरून तिथंच आनून सोडलं असतं. त्याच्यानं त्या घरात मले श्वास नाही घेता ये. आता येते. आता निंघता येते म्हनून तं जाऊन राह्यली."

एवढी वर्षं मी लोकांना सांगत आले की अठरा पूर्ण झाली की मूल घराबाहेर जायला मोकळं होतं. घरात जायलाही मोकळं होतं, हे मला त्या दिवशी त्या पोरीनं सांगितलं. मला भरून आलं आणि मी ते लपवलं नाही.

थोड्या वेळानं सवयीनं माझा हात फोनकडे गेला. "बाबूजींना सांगू का, येतेस म्हणून?"

ती उठून उभी राहिली होती. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि फोन हळूच खाली ठेवायला लावला.

"नका सांगू, मॅडम," ती म्हणाली. "मी जाऊन सांगते."